‘बाकीचं नंतर बघू’

गोव्यातल्या साखळीहून एका वाचकाचं पत्र आलंय, थोडं आवरून देतो:

‘काका, मी २६ वर्षांचा, वेर्ण्याला कंपनीत कामाला आहे. घरी बाबांची २००८ची स्विफ्ट पेट्रोल आहे, तेराशे सीसी, १ लाख ३० हजार किलोमीटर झालेली. आता ती मीच चालवतो. महिन्यातून एकदा आईला घेऊन चोर्ल्यातून बेळगावला ताईकडे जातो, तेव्हा घाटात पिकअप कमी पडतो. म्हापशाच्या मित्राकडे भंगारात निघालेल्या १.३ डिझेलचा टर्बो आहे, तो स्वस्तात देतोय. गॅरेजवाला म्हणतो, दीडशे हॉर्सपॉवर आरामात काढून देतो, क्लच-गिअरबॉक्स वगैरे बाकीचं नंतर बघू. बजेट दीड लाख. चवथीच्या आधी काम उरकायचंय. हा टर्बो घेऊ का, आणि ड्राइव्हट्रेनमध्ये (इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या भागांत) काय काय बदलावं लागेल? बाबांना अजून सांगितलेलं नाही.’

अरे बाबा, ‘बाकीचं नंतर बघू’ मधलं बाकीचं म्हणजे काय, ते मला चोर्ल्यातच कळलं होतं. २००९ साल असेल. माझीही गाडी तेराशेचीच, माझंही डोकं तुझ्यासारखंच, आणि टर्बो बसवून जेमतेम महिना झालेला. जुलैचा पाऊस. केरी सोडून घाट चढत होतो. पुढे बेळगावला परतणारा भाजीचा रिकामा टेम्पो. तिसऱ्यात टाकली, दाबली. बूस्टचा, म्हणजे टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो त्या दाबाचा, काटा वर गेला, टर्बोची शीळ ऐकू आली, आरपीएम साडेतीन हजारावरून साडेपाच हजारांवर उडाले आणि गाडी होती तिथेच. टेम्पोच्या मागच्या चाकाला खेटून, उजव्या बाजूला, समोर धुक्यात बसचे दिवे. पाय काढला आणि मागे आलो म्हणून हे लिहितोय. मग तो वास आला. केस जळल्यासारखा. ज्याने एकदा घेतलाय त्याला विचार, आयुष्यभर ओळखू येतो. तासभर कडेला थांबलो आणि गाडी वळवून हळूहळू केरीला उतरलो. गिअरबॉक्स उतरवला तेव्हा क्लचप्लेट आरशासारखी चकचकीत झालेली, फ्लायव्हीलवर निळे डाग.

मग मी शहाणपणा करून दणकट क्लच टाकला. चार महिन्यांत तिसऱ्या गिअरचे दात गेले. क्लच हा फ्यूज असतो रे. जाड तार घातली की फ्यूज जात नाही, पुढचं काहीतरी जातं.

तेव्हा उलट्या बाजूने, म्हणजे टायरपासून इंजिनाकडे, सुरुवात करू. पण त्याआधी एक कडू गोष्ट सांगतो, कारण तुझ्या गॅरेजवाल्याने ती सांगितलेली दिसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी मालकाला बदलता येत नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ आलं: परवानगीशिवाय बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दंड भरशीलही एखाद्या वेळी. विम्याचं काय? न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेयरला दिसला की क्लेम अडकतो, आणि गाडी बाबांच्या नावावर आहे. शिवाय २००८ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण २०२३मध्ये झालं असणार. पाच वर्षांनी, म्हणजे २०२८ला, ती पुन्हा तपासणीला उभी राहणार, तेव्हा बॉनेट उघडलं जाईल. म्हणून पैसे खर्चण्याआधी डिचोलीच्या आरटीओत लेखी अर्ज देऊन विचार. तोंडी ‘चलता रे’ला किंमत नाही. नकार आला तर रस्त्यावरच्या गाडीसाठी टर्बोचा विषय तिथेच संपला. मग हौस भागवायची ती बंद मैदानावरच्या ऑटोक्रॉसमध्ये, त्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या गाडीवर, रीतसर लायसन्स काढून. पुढे जे लिहितोय त्यातलं निम्म्याहून जास्त टर्बोशिवायही तुझ्या कामाचं आहे, म्हणून लिहितोय.

आता टायर. एक हिशेब करून बघ. तुझी गाडी हजार किलोच्या आसपास, त्यातलं साधारण ६०० किलो पुढच्या चाकांवर. भिजलेल्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.५ धरू. म्हणजे पुढचे दोन टायर मिळून ३००० न्यूटनच्या आतबाहेर जोर रस्त्याला देऊ शकतात. चाकाची त्रिज्या धरली तर तो टॉर्क (फिरवायचा जोर) होतो ८५० न्यूटन मीटर. त्याच्या वर गेलं की चाक नुसतं फिरणार. तुझ्या इंजिनाचा मूळ टॉर्क ११३. फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरचा कायमचा गिअर) धरून पहिल्या गिअरमध्ये तो साधारण चौदापट होतो, दुसऱ्यात आठपट, तिसऱ्यात पाचपटीपेक्षा थोडा जास्त. म्हणजे दुसऱ्यात ९००. आजच, काहीही न बदलता, पावसात दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबलीस तर तू काठावर असतोस. इंजिनाचा टॉर्क १५० केलास तर दुसऱ्यात १२०० होईल, तिसऱ्यात ८००. याचा अर्थ गोव्यातले पावसाळ्याचे चार महिने हा टर्बो तुला तिसऱ्या आणि त्याच्या वरच्या गिअरमध्येच वापरता येणार. चोर्ल्यातल्या वळणावर तर आतलं चाक हलकं झालेलं असतं, आणि साधं डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) सगळी ताकद त्या हलक्या चाकालाच सोडतं. चाक फिरतं, स्टिअरिंग सुन्न होतं, गाडी नाकाने सरळ दरीकडे जायला बघते. बाजूला आई.

म्हणून तुझ्या दीड लाखातला पहिला खर्च चार चांगले टायर. किती झिजलेत हे बघतोसच, पण साइडवॉलवरचा चार आकड्यांचा शिक्काही बघ: पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. आपल्या दमट हवेत कमी फिरणाऱ्या गाडीचे टायर नक्षी शिल्लक असतानाच कडक होतात आणि ओल्या रस्त्यावर साबणासारखे सरकतात.

त्याच्याच जोडीला ब्रेक. बलेनो आरएस आठवते? मारुतीने २०१७मध्ये आणली, एक लिटरचं टर्बो इंजिन, १०२ पीएस आणि १५० न्यूटन मीटर. साध्या बलेनोला मागे ड्रम होते, आरएसला मागेही डिस्क दिल्या. ज्यांच्याकडे चाचणीला ट्रॅक आहेत त्यांनी एवढ्याशा वाढीसाठी ब्रेक बदलले, आणि तुझा गॅरेजवाला दीडशेच्या गोष्टी करताना ब्रेकचा उल्लेखही करत नाही. तुझ्या मागच्या ड्रमच्या डिस्क करायला सांगत नाहीये मी. पुढच्या डिस्कची जाडी मोजून घे, चांगले पॅड घाल, मागचे शू आणि व्हील सिलिंडर बघून घे, आणि ब्रेक ऑइल बदल. ते शेवटचं कुणी करत नाही. डॉट-४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ती हमी १५५ वर येते. आणि पाणी ते हवेतूनच शोषतं. गोव्यात हवेत किती पाणी आहे ते तुला सांगायला नको, कपाटातल्या चपला बघ. चोर्ला उतरताना पेडल स्पंजासारखं खाली गेलं की समजायचं, आत वाफ झाली.

क्लचकडे येऊ. १ लाख ३० हजारांवर मूळ प्लेट असेल तर ती तशीही संपत आली असेल, आणि तुला घाटात पिकअप मिळत नाही याचं अर्धं कारण तेच असू शकतं. सपाट मोकळ्या रस्त्यावर चौथ्यात चाळीसला धावताना एकदम पूर्ण दाबून बघ. आरपीएम वेगाच्या पुढे पळाले तर क्लच घसरतोय. बदलायचाच असेल तर टॉर्कमधली वाढ बघून थोडी जड प्रेशर प्लेट आणि साधीच ऑरगॅनिक क्लचप्लेट. सिरॅमिकच्या तुकड्यांची ती रेसिंगवाली प्लेट कुणी गळ्यात मारेल, ती घेऊ नकोस. ती एकतर सुटलेली असते नाहीतर धरलेली, मधलं काही नाही. पर्वरीच्या जाममध्ये अर्ध्या तासात तुझा डावा पाय आणि आईची मान दोन्ही कामातून जातील.

गिअरबॉक्स उघडायची घाई करू नको. तेल काढ आणि त्यात चुंबक फिरव. राखाडी, बारीक गाळ येतो तो सगळ्यांच्यात येतो. टाचणीसारखे चमकदार कण आले तर मात्र टर्बो विसर, आधी बेअरिंग आणि दात बघ. गिअरचे दात हॉर्सपॉवरने तुटत नाहीत, टॉर्कच्या झटक्याने तुटतात. त्यामुळे बूस्ट हळूहळू चढेल असंच ट्यूनिंग हवं. खाली काहीच नाही आणि तीन हजारांवर एकदम लाथ, ही गॅरेजबाहेर पोरांना दाखवायला मजा, तिसऱ्या गिअरला मरण. एक्सलचे सीव्ही बूट (सांध्यांवरची रबरी आवरणं) फाटलेत का बघ, इंजिन माउंटिंगची रबरं बदल. हलकं चाक नुसतं फिरू न देणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल तुझ्या बजेटात बसत नाही, सोडून दे.

आता त्या टर्बोबद्दल. मित्राकडून तो घेऊ नकोस. तो चोरीचा वगैरे असेल म्हणून नाही, तो तुझ्या कामाचा नाही म्हणून. डिझेलच्या एक्झॉस्टचं तापमान ८०० अंशांच्या आसपास थांबतं, पेट्रोल इंजिन जोरात चालवलं की साडेनऊशेपर्यंत जातं. डिझेलच्या टर्बाइनचं बीड आणि व्हील त्या उष्णतेसाठी ओतलेलं नसतं. केसिंगला चिरा जातात. दुसरी भानगड वेस्टगेटची, म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेची. बूस्ट तिथल्या स्प्रिंगच्या दाबाखाली कधीच ठेवता येत नाही, आणि डिझेलची स्प्रिंग जास्त दाबाची असते. म्हणजे तू कितीही म्हणालास ‘थोडंच बूस्ट देऊ’, तो टर्बो ऐकणार नाही. पेट्रोल गाडीवरून निघालेला छोटा, वेस्टगेटवाला टर्बो हवा. जुना घेत असशील तर शाफ्ट बोटांत धरून बघ: आडवा किंचित हलला तर चालतो, पुढे-मागे हलता कामा नये, आणि व्हील केसिंगला घासल्याची खूण नको.

किती बूस्ट? तुझ्या इंजिनाचे मूळ ८७ हॉर्सपॉवर. ०.४ बार बूस्ट म्हणजे वातावरणाच्या १.४ पट दाब. कागदावर १२२ होतात. उष्णता, एक्झॉस्टमधली अडवणूक आणि मागे घ्यावं लागणारं टायमिंग (प्लगची ठिणगी पडायची वेळ) वजा केलं की हाती ११० ते ११५ येतात. आत काही न बदलता, निरोगी इंजिनात, मी एवढ्यावर थांबेन. दीडशेसाठी ०.८ बारच्या पुढे जावं लागतं, आणि तिथे आपली हवा आडवी येते. ३२ अंशांची हवा ०.४ बारला दाबली की साधारण कॉम्प्रेसरमधून ती ८० अंशांची होऊन निघते. ०.८ बारला १२० अंशांच्या जवळ. इंटरकूलर ती खाली आणतो, पण घाटात तिसऱ्या गिअरमध्ये तीस-चाळीसच्या वेगाने चढताना त्याला वारा कुठून मिळणार? वर तो रेडिएटरच्या पुढ्यात बसतो आणि एसी चालू असतो. गरम हवेने नॉकिंग, म्हणजे इंधनाचं आपोआप अवेळी पेटणं, सुरू होतं, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो, आणि पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटते. हा आवाज म्युझिक सिस्टीम चालू असताना ऐकूच येत नाही.

इंजिन निरोगी आहे का, हे अंदाजाने ठरवू नकोस. कॉम्प्रेशन टेस्ट कर. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि चारही सिलिंडरचे आकडे वहीत लिही. आकडा किती आला यापेक्षा चौघांत फरक किती, ते महत्त्वाचं. दहा टक्क्यांच्या वर फरक असेल तर कमी निघालेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोज. आकडा वाढला तर रिंगा गेल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. अशा इंजिनावर टर्बो म्हणजे दमेकऱ्याला पळायला लावणं.

पेट्रोलचं गणितही बदललंय. आता पंपावर येतं ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, आहे. ऑक्टेन बरा, त्यामुळे नॉकिंगला थोडी मदतच होते. पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेसाठी साध्या पेट्रोलपेक्षा साधारण आठ टक्के जास्त इंधन टाकावं लागतं. ११५ हॉर्सपॉवरसाठी इंजेक्टर मिनिटाला २४०-२५० सीसीचे लागतील, पंपही त्याला पुरणारा. २००८च्या गाडीचे इंधनाचे रबरी पाइप या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत. टर्बो लाव अथवा लावू नको, ते या महिन्यात बदल. बूस्टखाली पाइप पाझरला तर काय होईल ते लिहीत नाही.

मूळ ईसीयूवर (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरवर) टर्बो चालवायचा प्रयत्न करू नकोस. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब बघणारा गाडीचा मॅप सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजायला बनवलाय. त्याच्या वर तो गप्प बसतो आणि ईसीयूला वाटतं सगळं ठीक आहे. वेगळा ईसीयू, दोन-तीन बारचा सेन्सर, वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर, आणि डायनोवर (गाडीची ताकद मोजायच्या यंत्रावर) बसून बूस्टखाली हवा-इंधनाचं प्रमाण नीट लावून देणारा माणूस. टायमिंग सुरुवातीला दर पीएसआय बूस्टमागे एक अंश मागे घ्यायचं, हा जुना ठोकताळा. ०.४ बार म्हणजे सहा पीएसआयच्या जवळपास, तेव्हा सहा अंश. यातच तुझे निम्मे पैसे जातील असं धरून चाल. गॅरेजवाल्याच्या अंदाजपत्रकात या ओळी आहेत का बघ. नसतील तर त्याने दीडशे हा आकडा कुठून काढला, ते त्याला विचार, आणि उत्तर देताना तो कुठे बघतो ते बघ.

दोन गोष्टी खास आपल्याकडच्या. साखळी-डिचोलीची लाल धूळ. शोभेसाठी उघडा कोन फिल्टर लावलास तर ती सरळ कॉम्प्रेसरच्या पात्यांवर जाते, आणि लाख-दीड लाख आरपीएमने फिरणाऱ्या पात्याला ती पॉलिश पेपरसारखी घासते. मूळ एअरबॉक्स आणि कागदी फिल्टरच ठेव. दुसरी गोष्ट, टर्बोचं ऑइल परतीला आपल्या वजनानेच खाली जातं, त्याला पंप नसतो. परतीची नळी जाड, सरळ उताराची, आणि संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) तेलाच्या पातळीच्या वर सोडलेली हवी. माझ्या गाडीला ती वळसा घालून नेली होती. टर्बो तेल ओकायला लागला आणि आम्ही दोन आठवडे सील बदलत बसलो.

चवथीच्या आधी यातलं काय होईल? टायर, ब्रेक, प्लग, पाइप, कॉम्प्रेशन टेस्ट, लागला तर क्लच. एवढं झालं की त्याच आईला घेऊन, त्याच घाटातून बेळगावला जाऊन ये. मला वाटतं पिकअपची तक्रार निम्मी झालेली असेल. तरीही टर्बोच हवा असेल तर जपून वापरलेली बलेनो आरएस बघ, किंवा २०२० नंतरची पोलो एक लिटर टीएसआय, ११० पीएस आणि १७५ न्यूटन मीटर. क्लच, ब्रेक, विमा आणि आरसी, सगळं त्या टर्बोला धरूनच ठरलेलं. तुझे दीड लाख आणि या स्विफ्टचे येतील ते, यात थोडी भर घालावी लागेल.

बाबांना मात्र आजच सांग. आरटीओचा अर्ज त्यांच्या सहीशिवाय जाणारच नाही. आणि कॉम्प्रेशनचे चार आकडे मिळाले की मला पाठव, कुठला सिलिंडर किती तेही लिही. मित्राला टर्बोसाठी आगाऊ पैसे दिले असशील तर ते आधी परत माग.